किसनभाऊ आणि थंडीचा दिवा

किसनभाऊंनी पहिल्याच भेटीत माझ्या कपाळाला टिकली लावली. मी पन्नाशीला टेकलेला, जिल्हा परिषदेच्या शाळेतला शिक्षक, अंगात स्वेटर, हातात कानटोपी, आणि आमची ओळख उणीपुरी दोन मिनिटांची. टिकली माझ्या बायकोची होती, मरून रंगाची. ती मीच माझ्या हाताने गाडीच्या डॅशबोर्डवर, एका पिवळ्या दिव्यावर चिकटवली होती. थंडी पडल्यापासून तो दिवा रोज सकाळी लागायचा आणि गाडी चालवताना माझ्याच्याने त्याच्याकडे बघवत नसे. उपाय सुचवला होता शाळेतल्या एका सहकाऱ्याने. त्याच्या स्वतःच्या गाडीत दोन टिकल्या होत्या.

किसनभाऊ गाडीत बसले, किल्ली फिरवली, डॅशबोर्डकडे पाहिलं. करंगळीच्या नखाने टिकली अलगद सोडवली, खाली उतरले, आणि हळदीकुंकवाला आलेल्या बाईला लावावी तशा गंभीर चेहऱ्याने ती माझ्या कपाळावर दाबून बसवली. "ज्याची त्याला," एवढंच म्हणाले आणि समोरच्या टपरीवर चहा प्यायला निघून गेले. मी इतका ओशाळलो की घाईघाईने कानटोपी चढवली आणि टिकली काढायचं विसरूनच गेलो. शाळेत गेल्यावर वर्गात कानटोपी काढली. चौथीच्या वर्गाने हजेरी संपेपर्यंत दम धरला, पण मुख्याध्यापिका बाई दारातून डोकावल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, आज घरी काही कार्यक्रम आहे का?"

तेव्हा मी सोमाटण्याला राहत होतो आणि शाळा होती पवनानगरच्या पलीकडे. गाडी नवी घेतली होती, म्हणजे मला नवी. तिचे आधीचे दोन मालक कागदावर होते. मावळात गारठा उतरला, धरणावरचं धुकं नऊ वाजेपर्यंत हलेनासं झालं, आणि गाडी दिवे दाखवायला लागली. एक गोल, त्यात तीन इंग्रजी अक्षरं, एबीएस. दुसऱ्यावर गाडीचं चित्र आणि तिच्यामागे दोन नागमोडी रेघा. पिऊन घरी निघालेली गाडी असावी, असंच ते चित्र होतं. पुस्तिका उघडून पाहिली. पहिला दिवा ब्रेकशी संबंधित निघाला, दुसरा चाकं घसरू नयेत म्हणून जी यंत्रणा असते तिचा. ब्रेक हा शब्द वाचल्यावर मी पुस्तिका मिटून ठेवली. टिकलीचा सल्ला मला पटला तो त्यानंतर. एकच टिकली हाताशी होती, ती मी ब्रेकच्या दिव्याला दिली.

पवनानगरचा बाजार ओलांडून धरणाकडे निघालं की डाव्या हाताला किसनभाऊंची पत्र्याची शेड होती. माणूस बुटका, कडाक्याच्या थंडीतही अर्ध्या बाह्यांचा खाकी शर्ट, मिशा भरघोस आणि डोळे सतत कोणाची तरी खोडी काढायच्या बेतात. मुंबईच्या गॅरेजात बारा वर्षं काढून गावी परतलेले. त्यांची रीत अशी, की गाडी आली तरी बॉनेट लगेच उघडायचं नाही. आधी चहा, मग मालकाची उलटतपासणी. टपरीवरून परत आल्यावर त्यांनी माझी सुरू केली.

"गाडी रातची कुटं असती, गुरुजी?"

"सोसायटीत. उघड्यावर."

"तोंड कुनीकडं?"

"कोणाचं?"

"गाडीचं. तुमचं मला दिसतंय."

माझं तोंड आणखी उतरलं. बॅटरी कितवी, हे मला माहीत नव्हतं. "म्हंजे पयल्या मालकाची," किसनभाऊंनी परस्पर नोंद केली. दिवा कधी लागतो? किल्ली फिरवल्याबरोबर. कधी जातो? दहाच्या सुमाराला, ऊन तापलं की पुन्हा सुरू केल्यावर नसतो.

"आनि रंग?"

"पिवळा."

"नक्की? का टिकलीचा रंग सांगताय?"

मग त्यांनी बॅटरीला मीटर लावला, मला जवळ बोलावलं आणि समजावून सांगितलं. "म्हातारी झालीय ही. गारठ्यात तिला उठवत न्हाई. इंजिन कसंबसं फिरवती, पन तेवढ्या वेळात ब्रेकच्या कंप्युटरला करंट कमी पडतो. त्यो घाबरतो आनि दिवा लावून मोकळा व्हतो. ब्रेक तुमचा झकास हाय." मी विचारलं, मग दुसरा दिवा का लागतो? "चाकांचा वेग मोजनारी सेन्सरं दोघांची एकच. त्येंची खबर दोघंबी वाचत्यात. सासूसासरं एका घरात असल्यावर भाजी करपली की दोघंबी बोलनारच की."

त्याच दिवशी त्यांनी मला रंगांचा धडा दिला. तो पुढे मी त्यांच्या तोंडून शंभर वेळा तरी ऐकला असेल. "पिवळा म्हंजे गाडी म्हनती, ब्रेक हाय, पन माझी जास्तीची हुशारी आज बंद. तुमची तुमी दमानं चालवा आनि सवडीनं दावून घ्या. लाल म्हंजे गाडी म्हनती, मलाच माझा भरवसा न्हाई. तितंच थांबायचं. घर फुडच्या वळनावर असलं तरी थांबायचं." म्हणून गाडी कोणाचीही असो, कुठलीही असो, ते सगळ्यात आधी दिव्याचा रंग विचारायचे. मालकाने "दिवा लागलाय हो" म्हटलं की किसनभाऊ हातातलं काम तसंच ठेवून विचारणार, "रंग?" आणि मालकाला सांगता आला नाही तर त्याला घरी पाठवणार, बघून ये म्हणून.

मी शिक्षक, म्हणून माझ्यासाठी उदाहरणंही शाळेतली काढायचे. "दिवा म्हंजे चुगली करनारं पोरगं, गुरुजी. वर्गात कायतरी झालंय एवढंच सांगतंय. कुनी केलं त्ये मास्तरनं शोधायचं. आनि चुगली करतंय म्हनून पोराच्या तोंडावर टिकली चिकटवायची न्हाई." टिकलीचा विषय त्यांनी माझ्यापुरता कधीच संपू दिला नाही.

त्या भागात टिकल्या लावणारा मी एकटा नव्हतो, हे मला हळूहळू कळलं. कोणी टिकली लावायचं, कोणी काळी चिकटपट्टी, एका दूधवाल्याने तर दिव्यावर देवाचा छोटा फोटोच चिकटवला होता. फोटोला किसनभाऊंनी हात जोडले आणि दूधवाल्यालाच तो काढायला लावला. काढलेल्या टिकल्या ते शेडमधल्या फुटक्या आरशाच्या कडेने ओळीने लावून ठेवत. सुरुवातीला मात्र त्या शर्टाच्या खिशात टाकायचे. एकदा शर्ट धुवायला टाकला आणि त्यांच्या बायकोला, म्हणजे हिराबाईंना, खिशात सात टिकल्या सापडल्या. सात रंगांच्या. किसनभाऊंनी खरं ते सांगितलं, दिव्यांवरच्या आहेत म्हणून. ते ऐकून हिराबाई आणखी भडकल्या, कारण निदान पटेल असं तरी खोटं बोला, असं त्यांचं म्हणणं पडलं. तीन दिवस भाऊंना भाकरी मिळाली ती कोरडी.

यंत्रांशी त्यांचं वाकडं होतं असं कोणी समजू नये. गाडीला जोडून बिघाड वाचणारा स्कॅनर त्यांच्याकडे होता आणि थंडीत तो टॉवेलात गुंडाळून ठेवलेला असे. "ह्यो पोलीसपाटील हाय," ते म्हणायचे. "कुठल्या आळीत भांडान झालं एवढं बरोबर सांगतो. मारलं कुनी, ते आपन जाऊन बघायचं." एकदा धरणाकाठच्या एका बंगल्याचे मालक आले. निवृत्त गृहस्थ, स्वतःचा स्कॅनर घेऊन आलेले. त्यात डाव्या पुढच्या चाकाचा सेन्सर दोषी निघाला होता आणि नवा सेन्सर मागवायची त्यांची तयारी झाली होती. किसनभाऊंनी खाली डोकं घातलं आणि थोड्या वेळाने ओंजळीत एक घरटं घेऊन वर आले. भाताच्या काड्या, गादीचा कापूस आणि इंद्रायणी भाताच्या चार लोंब्या. भाताची कापणी झाली की शेतातले उंदीर बेघर होतात आणि गरम बॉनेट शोधत येतात. सेन्सर शाबूत होता, त्याची वायर कुरतडलेली होती.

"तुमच्यापेक्षा जास्त मुक्काम ह्येनं केलाय गाडीत," भाऊ म्हणाले आणि घरटं मालकांच्या हातात ठेवलं. उंदीर परत येऊ नये म्हणून काय करावं, असं त्यांनी विचारलं तेव्हा भाऊंनी चेहरा सरळ ठेवून सांगितलं, की गाडीशेजारी आठवडाभर रेडिओवर कीर्तन लावा. त्या भल्या माणसाने ते केलं. आठ दिवसांनी तक्रार घेऊन आले, उंदीर गेला नाही म्हणून. "कीर्तन चांगलं असंल," भाऊ म्हणाले. मग वायरीवर जाळीची नळी चढवून दिली आणि वर चहाही पाजला. ते गृहस्थ पुढे भाऊंचे पक्के दोस्त कसे झाले, हे मला अजून नीटसं समजलेलं नाही.

बिघाड शोधण्यापेक्षा त्यांना चार माणसांपुढे शोधण्यात जास्त गोडी होती, हे मान्य करायला हवं. शेडमध्ये प्रेक्षक असले की त्यांची कळी खुलायची. त्यातूनच "थंडीचा दिवा" हा शब्द जन्माला आला. म्हाताऱ्या बॅटरीचा, दवाने ओल्या झालेल्या जोडणीचा, असा सकाळी लागून ऊन पडल्यावर जाणारा जो पिवळा दिवा, त्याला ते थंडीचा दिवा म्हणत. "धा वाजता आपोआप उतरतोय!" हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा आणि इतक्या झोकात टाकलं, की सगळ्या बाजाराने ते उचललं. सकाळी सकाळी तणतणणाऱ्या सरपंचांना लोक मागे थंडीचा दिवा म्हणायचे. एका बाईने आपल्या नवऱ्याविषयी हेच म्हटलेलं मी स्वतः ऐकलं आहे. भाऊंना या गोष्टीचा भारी अभिमान.

त्याहून मोठा अभिमान त्यांच्या मुलीचा, प्रज्ञाचा. पंचविशीची पोर, पिवळ्या पाटीची स्वतःची टॅक्सी चालवायची. लोणावळ्याहून पाहुणे घ्यायचे आणि दुधिवरे खिंडीतून उतरून धरणाकाठच्या तंबूंवर आणून सोडायचे, हा तिचा धंदा. गाडी चालवणं आणि दुरुस्त करणं, दोन्ही तिला बापानेच शिकवलं होतं. तिचा फोन आला की भाऊ तो हमखास स्पीकरवर टाकत, कारण मुलगी काय बोलते ते सगळ्यांनी ऐकावं अशी त्यांची इच्छा असे. ती बापाच्या वरताण होती. बोलायची कमी, पण जे बोलायची ते लागायचं.

एका जानेवारीतला रविवार. नवी बॅटरी बसवूनही माझे दोन पिवळे दिवे परत लागायला लागले होते, या वेळी सुरू करताना नाही, थोडं अंतर चालल्यावर. बघू म्हणून मी भाऊंकडे गेलो तर शेडमध्ये आधीच सहासातजण. मध्यभागी पुण्याहून तंबूत राहायला आलेले एक गृहस्थ, डोळ्यांवर महागडा चष्मा, आणि त्यांची भलीमोठी नवी कोरी गाडी. तिच्यात तीन पिवळे दिवे. गाडी क्रेनने उचलून न्यावी लागेल का, असं ते काकुळतीने विचारत होते. भाऊंनी आदल्या दिवसाची चौकशी केली तेव्हा निघालं, की टायर पंक्चर झाला म्हणून स्टेपनी लावली आहे आणि ती इतर चाकांपेक्षा अंगाने लहान आहे. "तीन पायात बूट आनि एका पायात सपाता," भाऊ म्हणाले. "लहान चाक जास्ती फिरतंय. गाडीला वाटतंय, एक चाक घसराय लागलं. दिवे न लावून करंल काय?"

लोक हसले. गृहस्थही सुटकेने हसले. भाऊंना तेवढं पुरणार नव्हतं. त्यांनी त्या गृहस्थांना वर्गात उभं करावं तसं उभं केलं.

"दिवा लागला की पयला सवाल कुठला?"

"रंग," गृहस्थ म्हणाले.

"मोठ्यानं."

"रंग!"

तेवढ्यात फोन वाजला. भाऊंनी मोठ्या दिमाखात तो स्पीकरवर टाकला आणि बॉनेटवर ठेवला.

"आबा, खिंडीत हाय मी, वरच्या अंगाला," प्रज्ञाचा आवाज आला. "गाडीत पाव्हने हायेत चार. दिवा लागलाय—"

"थंडीचा असंल!" भाऊंनी तिला पुढे बोलूच दिलं नाही. आमच्याकडे पाहून डोळा मारला. "धा वाजता उतरंल! ये तू खाली, चहा टाकतो."

सगळी शेड हसली. मीही हसलो, ते लपवण्यात अर्थ नाही. पलीकडून "बरं" असं ऐकू आलं आणि फोन बंद झाला.

भाऊ पुन्हा गाडीकडे वळणार, तोच ते पुण्याचे गृहस्थ, नुकताच धडा पाठ केलेल्या आज्ञाधारक मुलासारखे, अगदी निरागसपणे म्हणाले, "पण तुम्ही तिला रंग विचारला नाहीत."

हसणं जागच्या जागी थांबलं. भाऊंनी फोन उचलला आणि लावला. लागला नाही. पुन्हा लावला. फोनमधली ती नेहमीची बाई सांगत होती की ही व्यक्ती संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. खिंडीतली रेंज अशीच, आली तर आली. तिसऱ्यांदा लावताना त्यांचा अंगठा भलत्याच आकड्यावर पडला.

"गुरुजी, तुमची गाडी काढा," ते म्हणाले. "तुमी चालवा. माझ्यानं न्हाई व्हनार."

आम्ही धरणाच्या रस्त्याने खिंडीकडे निघालो. माझ्या डॅशबोर्डवर दोन्ही पिवळे दिवे लागले होते, त्यांच्याकडे भाऊंनी पाहिलंसुद्धा नाही. डाव्या हाताला धरणाचं पाणी, त्यावर धुकं, रस्त्यावर तंबूंच्या पाट्या. भाऊ समोर बघतच बोलायला लागले.

"तीन दिस झालं सांगत व्हती. आबा, सकाळचं ब्रेकचं पायडल खोल जातंय. म्हनलं, बघू. कुनाकुनाच्या गाड्या बघितल्या तीन दिसांत, गुरुजी. त्या दूधवाल्याची बघितली. घरची म्हागं राह्यली."

मी म्हणालो, काही होणार नाही, ती हुशार आहे. "हुशार हाय," ते म्हणाले, "पन माझं ऐकती."

घरची गाडी शेवटी, ही मेकॅनिक लोकांची जुनीच खोड. पण त्या घाटात पायडल खोल जाणारी गाडी, मागे चार माणसं, आणि खाली ये म्हणून सांगणारा खुद्द बाप, हे माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. खिंडीचा चढ लागला. प्रत्येक वळणावर भाऊ खिडकीची काच खाली करून डोकं बाहेर काढत आणि खाली दरीत बघत. ते काय शोधताहेत हे मला कळत होतं. मी गाडी हळू करायचो, त्यांचं बघून व्हायचं, ते हाताने पुढे चला अशी खूण करायचे. असं चारपाच वेळा झालं. त्या थंडीत त्यांच्या मानेवरून घाम ओघळत होता.

माथ्यावर पोहोचलो. तिच्या बाजूने पाहता उतार सुरू होण्याच्या जरा अलीकडे, डोंगराच्या कडेला टेकवून प्रज्ञाची गाडी उभी होती. चाकांना मोठे दगड लावलेले. चार पाहुणे कठड्याशी उभे राहून खालच्या धुक्याचे फोटो काढत होते आणि प्रज्ञा त्यांच्यातल्या एका जोडप्याला जरा डावीकडे सरका म्हणून सांगत होती. आपल्या गाडीचा ब्रेक गेला आहे याचा त्या चौघांना पत्ताच नव्हता. ही इथली खास जागा आहे, सगळ्यांना दाखवत नाही, असं सांगून तिने त्यांना पाऊण तास खूश ठेवलं होतं.

भाऊ गाडीतून उतरले आणि उतरल्याजागी उभे राहिले.

"लाल हाय, आबा," प्रज्ञा म्हणाली. "तुमचा फोन झाल्यावर तीनदा पायडल दाबून बघितलं. तिसऱ्या खेपंला पार तळाला टेकलं. म्हनलं, न्हाई उतरायचं. हँडब्रेकवर हळूच कडंला घेतली."

"मी तर ये म्हनलो व्हतो."

"म्हनला की. पन रंग न इचारता म्हनला. तवाच वळखलं, दुकानात मानसं बसल्यात."

ती हे रागाने बोलली नाही. रोजचीच गोष्ट सांगावी तसं बोलली. तिला बापाची ती सवय ठाऊक होती आणि ती कधीपासून ठाऊक होती, हे मी पुढे कितीदा तरी मनात मोजून पाहिलं. भाऊ रस्त्याच्या कडेला खाली बसले, दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि मोठ्याने रडायला लागले. मला काय करावं कळेना, म्हणून मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून नुसता उभा राहिलो.

फोटो काढणाऱ्यांपैकी एकजण जवळ आला. "अंकल को क्या हुआ?"

"कुछ नहीं, सर," प्रज्ञा म्हणाली. "उन्होंने ये पॉइंट पहली बार देखा है।"

पाहुण्याने सहानुभूतीने मान हलवली आणि भाऊंचाही एक फोटो काढला.

रडून झाल्यावर भाऊ उठले, शर्टाने तोंड पुसलं आणि गाडीखाली शिरले. मागच्या डाव्या चाकाची आतली बाजू ओली होती. चाकापाशी ब्रेकचं तेल अडवून धरणारं रबर जुनं झालेलं. गारठ्यात ते कडक व्हायचं, आकसायचं आणि तेल झिरपू द्यायचं. ऊन तापल्यावर पुन्हा मऊ होऊन बसायचं. म्हणून दिवसा पायडल ठीक लागायचं आणि सकाळी खोल जायचं.

"म्हंजे थंडीचाच व्हता दिवा," गाडीखालून त्यांचा आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा आला. "धा वाजता उतरला असता. बरोबरच सांगितलं व्हतं की मी."

प्रज्ञाने वाकून त्यांच्या हातात पाना दिला आणि म्हणाली, "आता गप काम करा, आबा." चौघा पाहुण्यांना मी माझ्या गाडीतून खाली नेऊन सोडलं. पुढे बसलेल्याने माझ्या दिव्यांकडे बोट दाखवलं, तेव्हा मी मोठ्या रुबाबात सांगितलं की पिवळे आहेत, काळजी नको, आणि सबंध घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो.

मला वाटलं होतं, ही हकिगत भाऊ गाडून टाकतील. त्यांनी उलट केलं. दुसऱ्या दिवसापासून येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते आधी ही गोष्ट सांगायला लागले. इतरांच्या फजितीचे किस्से मागे पडले आणि स्वतःचा पुढे आला. सांगायचे मात्र जुन्याच झोकात, हातवारे करून, पुण्याच्या गृहस्थांची नक्कल करून. फोन त्यांनी स्पीकरवर टाकणं सोडलं. प्रज्ञाचा आला की शेडच्या मागे जायचे आणि सगळं बोलणं उभ्याने ऐकून घ्यायचे. तिची गाडी रोज सकाळी बाहेर पडायच्या आधी ते स्वतः पायडल दाबून बघत. ती म्हणायची, पुरे आता. ते ऐकत नसत.

पुढच्या वर्षी माझी बदली झाली, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. निघायच्या आदल्या दिवशी निरोप घ्यायला मी शेडवर गेलो. पाहुण्यांचा हंगाम नव्हता, प्रज्ञा घरीच होती आणि एका गाडीच्या बॉनेटमध्ये डोकं घालून काहीतरी करत होती. भाऊंसमोर एक नवीन गिऱ्हाईक बसलेलं, कामशेतकडचा कोणी तरुण शेतकरी, आणि गोष्ट ऐन भरात आली होती. मी कडेच्या टायरवर बसलो. खिंड आली, दगड लावलेली गाडी आली, फोटो काढणारे पाहुणे आले, "दुकानात मानसं बसल्यात" हे वाक्य आलं. तरुण पोट धरून हसत होता. भाऊंनी हात झटकले, मग मी गाडीखाली गेलो आणि रबर बदललं, असं म्हणून गोष्ट संपवली.

"आबा," बॉनेटमधून आवाज आला, "रडला ते राह्यलं."

"सांगत व्हतो की."

"न्हाई सांगत तुमी. रोज ऐकते मी. रोज तेवढंच गाळता."

तरुण हसायचा थांबला. भाऊंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बॉनेटकडे, आणि हातातलं फडकं मांडीवर ठेवलं.

"रडलो," ते म्हणाले. "रस्त्यावर बसून लय रडलो. माझी पोर हाय ती."